डावीकडचा रकाना

ते वेबपान लावायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. आमच्या भोपाळच्या कारखान्यात सांगितलेली कामंसुद्धा माणसं हातचं राखून करायची, आणि मी न सांगितलेलं काम अंगावर ओढवून घेतलं. तेव्हा मी तिशीची होते, डिझाइनच्या संगणक विभागातली एकुलती एक बाई होते, आणि आपल्याला इतरांपेक्षा जरा जास्त कळतं असं मला मनापासून वाटायचं. आताही वाटतं, फक्त आता मी ते बोलून दाखवत नाही.

आमच्याकडे मोठ्या मोटरी बनायच्या. घरातल्या पंपाची नव्हे, सिमेंटच्या गिरण्या फिरवणारी, एका ट्रेलरवर एकच मावेल अशी मोटर. प्रत्येक ऑर्डरची मोटर वेगळी. तार किती जाड हवी, वारा किती लागेल, चालताना किती तापेल, हे गणित आमचे प्रोग्राम करायचे. पूर्वी ते प्रोग्राम ज्याच्या त्याच्या संगणकात पडलेले असत. 'नवीन', 'नवीन दोन', 'फायनल', 'फायनल असली' अशी फाइलींची नावं. मग वरून फर्मान निघालं आणि सगळा कोड एका सर्व्हरवर, एका रिपॉझिटरीत गेला. रिपॉझिटरी म्हणजे कोडचं कोठार, पण असं कोठार की ज्याला सगळं आठवतं. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, हे तिथे कायमचं राहतं.

अडचण एवढीच होती की त्यातलं काही बघायचं तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागत. वीस-वीस वर्षं मोटरी डिझाइन केलेले इंजिनिअर त्या काळ्या पडद्याला बिचकायचे आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. "मैडम, जरा दिवाली से पहले वाली फाइल निकाल दीजिए." दिवसातून दहादा. मी वैतागले होते. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की सगळा कोड डोळ्यांपुढे यावा, क्लिक करत जुन्या आवृत्त्या बघता याव्यात, असं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं. ते बसवायचं मी ठरवलं.

आता सरांबद्दल सांगते, कारण ही त्यांची गोष्ट आहे. सर म्हणजे आमच्या सेक्शनचे इन्चार्ज. नागपूरकडचे. माझे वडीलही नागपूरचे, त्याच कारखान्यात टेक्निशियन होते; दोघं एकाच वर्षी भोपाळला आले आणि टाउनशिपमध्ये पाठीला पाठ लागून असलेल्या लाइनींतल्या क्वार्टरांत राहिले. मी लहान असल्यापासून ते माझे काका. पण गेटच्या आत ते सर आणि मी मॅडम, हा नियम त्यांनीच घातला होता, आणि माझे वडील गेल्यावरही त्यांनी तो मोडला नाही. गेटच्या बाहेर पाय पडला की मात्र लगेच, "काय गं, आई कशी आहे?"

सर ड्रॉइंग बोर्डच्या जमान्यातले. त्या काळी नकाशा दुसरंच कोणी काढायचं, तिसरंच कोणी तपासायचं, आणि खाली सही सरांची. सही ज्याची, जबाबदारी त्याची. संगणक आला तेव्हा त्यांनी पासवर्डचा अर्थही तोच लावला. रिपॉझिटरीत 'मान्य' नावाचा एक फोल्डर होता. त्यातलेच प्रोग्राम खऱ्या ऑर्डरींसाठी वापरायचे, आणि त्यात काही घालण्याची मुभा फक्त सरांच्या लॉगिनला होती. सरांनी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला. ऑफिसचा रबरी शिक्का कसा ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, ज्याला लागेल त्याने उठावं आणि मारावा, तसंच. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. सगळ्याच सेक्शनांत काचेखाली अशा चिठ्ठ्या होत्या.

पुढे पासवर्ड कोणाला देऊ नये असं सर्क्युलर आलं. सर सर्क्युलर शब्दशः पाळणारे. त्यांनी चिठ्ठी फाडली आणि मला म्हणाले, "नवीन पासवर्ड टाकून दे. आणि आता हा फक्त माझ्यापाशी." तो मीच बनवला, मीच टाकला, म्हणजे तो दोघांपाशी होता. त्यांच्या हिशेबी मी मोजण्यात नव्हतेच. घरच्या माणसाला कोण मोजतं?

सॉफ्टवेअर बसवायला मला आठ दिवस लागले. दोन दिवसांत होईल असं मी सगळ्यांना सांगून बसले होते. भंगारात निघालेला एक संगणक कपाटामागे ठेवला, त्याच्यासाठी नेटवर्क कार्ड अशोका गार्डन वस्तीतल्या एका दुकानातून आणलं. इंटरनेट आख्ख्या इमारतीत एकाच खोलीत होतं, तिथून सीडीवर सगळं उतरवून आणलं. बसवलं, चालू केलं, तर पांढरंफटक पान. ना चूक, ना अक्षर. एक पुरवणी सॉफ्टवेअर राहिलं होतं, तेवढं घातलं. मग पान आलं, पण फोल्डर रिकामे, कारण वेब सर्व्हरला कोठार वाचायची परवानगीच नव्हती. परवानगी दिली. मग हिंदीतल्या टिपणांचे चौकोन-चौकोन दिसायला लागले. तेही केलं. मग दिसलं की सगळ्या वेळा साडेपाच तास मागे आहेत. मी सकाळी अकराला टाकलेलं काम पहाटे साडेपाचचं दाखवत होतं. पान लंडनची वेळ दाखवत होतं. कॉन्फिगरेशनच्या फाइलीत त्यासाठी एक ओळ होती, ती बदलल्यावर वेळ भोपाळची झाली.

त्याच फाइलीत पानावर कायकाय दाखवायचं याची यादी होती. त्यातली एक गोष्ट मुळात बंद होती. ती चालू केली की कोडच्या प्रत्येक ओळीच्या डावीकडे एक रकाना यायचा: ही ओळ शेवटची कोणी बदलली आणि कधी. मी ती चालू केली. कोणाला गरज होती म्हणून नाही, भारी दिसतं म्हणून. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण स्टाफ नंबरांच्या जागी पूर्ण नावं यावीत म्हणून मी वेगळी यादी बनवली आणि तीही जोडली. आडनावासकट.

पान दाखवलं तेव्हा सेक्शनमधले सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. 'मान्य' फोल्डरमधली कोणतीही फाइल उघडा, डावीकडे वरपासून खालपर्यंत सरांचं नाव. इतकी वर्षं सगळ्यांनी त्यांचाच शिक्का मारला होता. "सर, आप अकेले ही पूरा प्लांट चला रहे थे, हम तो मुफ्त की खा रहे थे," कोणीतरी म्हणालं. सर हसले. मग चष्मा वर करून त्यांनी तो रकाना नीट वाचला.

"चांगलं केलं," ते मला म्हणाले. "पण प्रत्येक ओळीपुढे नाव काहून पाहिजे? नकाशाला एकच सही पुरते."

मी म्हटलं, "सर, आता जमाना बदलला." असं म्हणताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी राजस्थानातल्या एका सिमेंट कारखान्याची मोटर टेस्टिंगला गेली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त तापली. कोणाला इजा झाली नाही, काही फुटलं नाही, पण मोटर उघडून तिची गुंडाळी पुन्हा करावी लागणार होती. शोध घेता घेता गोष्ट आमच्या प्रोग्रामपाशी आली. बाहेरच्या हवेचं तापमान प्रोग्राममध्ये पन्नास अंश धरलेलं असायचं. ते चाळीस झालं होतं. राजस्थानच्या उन्हात चालणारी मोटर आम्ही चाळीस अंशांच्या हिशेबाने बनवली होती.

जनरल मॅनेजरांनी बैठक घेतली. त्यांच्या खोलीत प्रोजेक्टर होता आणि माझ्या पानाची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. "मैडम, वो आपका पेज लगाइए." मी लावलं. खरं सांगायचं तर मी खुशीत होते, आपल्या कामाचा उपयोग होतोय म्हणून. फाइल उघडली, ती ओळ शोधली. डावीकडे सरांचं नाव, तारीख, आणि वेळ दुपारी एक वाजून काही मिनिटं.

तारीख वाचली आणि मला तो दिवस आठवला. त्या दिवशी सर जेवायला घरी गेले होते. बाराचा भोंगा झाला की ते स्कूटर काढून क्वार्टरवर जात, जेवत, पाठ टेकत आणि दीडला परत येत. तीस वर्षांत यात बदल नव्हता. मी टेबलावरच डबा खायची. एका जुन्या ऑर्डरचं गणित पडताळायला मी हवेचं तापमान चाळीस करून बघत होते. घाई होती, सर यायला अवकाश होता, म्हणून त्यांच्या लॉगिनने 'मान्य'मध्ये टाकलं आणि निकाल काढला. पासवर्ड माझ्या बोटांत बसलेला होता. नंतर पन्नास परत करायचं होतं. ते मी विसरले. इतकंच झालं होतं.

सरांनी पडद्यावरच्या वेळेकडे बोट केलं. "ये तो लंच का टाइम है," ते म्हणाले. "इस टाइम मैं घर पे रहता हूँ."

मॅनेजर माझ्याकडे वळले. "मैडम, टाइम गलत हो सकता है क्या?"

"हो सकता है, सर," मी म्हणाले. "शुरू में साढ़े पाँच घंटे का फर्क आ रहा था."

"और नाम?"

"नाम गलत नहीं होता."

"बदल सकता है कोई?"

"नहीं, सर."

ही तीन उत्तरं मी कधीच विसरणार नाही. पहिल्या उत्तरात थोडा खरेपणा होता, आणि तोच मी ढालीसारखा पुढे केला. वेळ तेव्हा बरोबर होती, मला माहीत होतं. ती मीच दुरुस्त केली होती. नाव चुकीचं होतं, तेही मला माहीत होतं. आणि नाव बदलताही येत होतं. सर्व्हरची किल्ली माझ्याकडे होती, पाच मिनिटांचं काम होतं. सर ज्या एका गोष्टीचा आधार धरून उभे होते, ती वेळच मी भर बैठकीत त्यांच्या हातातून काढून घेतली.

का? याचं मोठं उत्तर माझ्याकडे नाही. मी घाबरले. प्रमोशनची यादी लागायची होती, मुलाखत तोंडावर आली होती, आणि सेक्शनमधल्या काही जणांना बायकांना 'मान्य'च्या जवळपासही फिरकू देऊ नये असं वाटायचं. मनाची समजूतही तयारच होती. सर पाच महिन्यांनी रिटायर होणार. त्यांचं कोण काय वाकडं करणार? फार तर एक मेमो, म्हणजे लेखी ताकीद, मिळेल.

बैठकीनंतर सर माझ्या टेबलापाशी आले. आवाज खाली आणून, गेटच्या आत असूनही मराठीत बोलले. "तू तर नाही ना टाकलं ते? घाईगडबडीत? टाकलं असशील तर सांग, मी बघून घेतो."

इतकी सोपी वाट कोणी कोणाला करून देत नाही. मी म्हटलं, "नाही, सर."

"बरं," ते म्हणाले आणि गेले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण माझ्या नाहीवर त्यांचा विश्वास होता. चिठ्ठी त्यांनीच फाडली होती. पासवर्ड दोघांनाच ठाऊक. मी नाही म्हणाले, म्हणजे उरलं कोण?

मेमो आला, त्यांनी तो स्वीकारल्याची सही केली, आणि मला वाटलं प्रकरण मिटलं. महिनाभराने काकू भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. गाडीवाल्याला थांब म्हणून त्यांनी मला बाजूला घेतलं. "ऑफिसात यांचं काही चाललंय का गं? गॅस बंद केला का म्हणून रात्रंदिवस विचारतात. काल गेटपर्यंत जाऊन परत आले, स्कूटरला कुलूप घातलं होतं का ते बघायला. स्कूटरवरच गेले होते ना ते." मग म्हणाल्या, "यांच्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. नागपूरला. शेवटी त्यांना स्वतःचं घर ओळखू येईना."

मी परत गाडीपाशी येऊन मेथीच्या जुड्या चाळत राहिले.

त्यानंतर मी सरांकडे नीट बघायला लागले. ते जेवायला घरी जाईनासे झाले. डबा आणायचे आणि जेवणाच्या सुट्टीतही पडद्यापुढे बसून आपल्याच जुन्या ओळी तपासायचे, एकेक. तेही माझ्याच पानावर. प्रत्येक ओळीपुढे त्यांचं नाव, आणि त्यातल्या निम्म्या ओळी इतरांनी त्यांच्या शिक्क्याने टाकलेल्या, त्यामुळे त्यांना त्या आठवणार कशा? पण चिठ्ठीच्या काळातल्या ओळी कोणत्या आणि नंतरच्या कोणत्या, हे त्यांना वेगळं करता येईना. ते बोटाने ओळ दाखवून विचारायचे, "ही मी केव्हा लिहिली?" आणि कोणी हसून म्हणायचं, "सर, वो तो मैंने डाली थी, दो साल पहले." ते मान डोलवायचे, पण वहीत लिहून ठेवायचे. त्यांनी वही करायला घेतली होती. काय केलं, किती वाजता केलं, सगळं त्या वहीत. तुलसी नगरच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरत्या पुस्तक न बघता म्हणणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. त्या वर्षी ते पुस्तक घेऊन उभे राहिले आणि एक कडवं झालं की बोट ठेवून पुढचं शोधत राहिले.

मी रात्र रात्र झोपत नव्हते वगैरे लिहिणं सोपं आहे. तसं नव्हतं. मी झोपत होते, जेवत होते, मुलाखत दिली आणि यादीत माझं नाव लागलं. काकांनी पेढ्यांचा पुडा घरी आणून दिला. आईने त्यांना चहा केला. तो पुडा बघितला आणि मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोलीत आम्ही दोघंच होतो. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं. डबा, जुनी ऑर्डर, चाळीस, विसरणं, बैठकीतलं खोटं, नंतरचं खोटं. सगळं एका दमात. काका चिडतील, दोन थोबाडीत ठेवतील, असं मला वाटत होतं. ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुला काकूने सांगितलं वाटतं माझ्याबद्दल."

"काका, त्याचा काही संबंध नाही. मी केलं ते."

"मी तेव्हा विचारलं होतं तुला. तू नाही म्हणाली होतीस."

"खोटं बोलले होते."

"तू खोटं बोलत नाहीस," ते म्हणाले. माझी समजूत घालत असल्यासारखं. "तुझा बापही असाच होता. दुसऱ्याचं अंगावर घ्यायचा. असं करू नये, बेटा. तुझी नोकरी अजून बरीच राहिली आहे."

पुरावा हवा होता. 'मान्य'मध्ये ते काम कोणत्या संगणकावरून आलं, हे सर्व्हरच्या एका फाइलीत उमटत असे. मी ती उघडली. जागा पुरावी म्हणून त्या फाइली चार आठवड्यांनी आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था मीच केली होती. त्या दिवसाचं काहीच उरलं नव्हतं.

मग मी जे केलं ते आज आठवलं तरी डोकं धरून बसावंसं वाटतं. मी सर्व्हरवर गेले आणि त्या ओळीच्या नोंदीतलं नाव बदललं. त्यांच्या डोळ्यांदेखत. पान पुन्हा उघडलं. डावीकडच्या रकान्यात, त्याच तारखेसमोर, त्याच वेळेसमोर, माझं नाव. "हे बघा, काका," मी म्हटलं. "हे खरं आहे."

त्यांनी चष्मा वर केला आणि नाव वाचलं. "म्हणजे बदलता येतं."

"हो."

"मग आधीचं खरं, का हे आत्ताचं खरं?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, एकदाच, आणि म्हणाले, "होतं तसं कर. रेकॉर्डला हात लावायचा नसतो." मी होतं तसं केलं. त्यांच्या देखत, त्यांनी सांगितलं म्हणून, त्यांचं नाव मी तिथे दुसऱ्यांदा घातलं.

मी मॅनेजरांकडेही गेले. उशिरा गेले, पण गेले. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. "मैडम, मेमो इश्यू हो चुका. उन्होंने एक्सेप्ट कर लिया. फाइल ऊपर गई. अब आप ये क्यों खुलवा रही हैं? आपका अभी-अभी प्रमोशन हुआ है." मी थोडा वाद घातला. जेवढा घालायला हवा होता तेवढा नाही. त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटली. ती लाज अजून आहे. मेमो तसाच राहिला.

सर रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात ते दोन वाक्यं बोलले, तीही कागदावरून. त्यानंतर मी कॉन्फिगरेशनच्या यादीतून तो रकाना काढून टाकला. कोणी विचारलंही नाही की तो कुठे गेला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकूंनी मला बोलावून घेतलं. मुलगा बंगळुरूला, त्याला रजा मिळत नव्हती, आणि टाउनशिपच्या हॉस्पिटलात विसरण्याच्या तक्रारींसाठी बाहेरचे एक डॉक्टर यायचे, त्यांची वेळ मिळाली होती. "तू चल गं सोबत. हिंदीत सगळं सांगायला मला नाही जमत." मी गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून, वही खिशात ठेवून बसले होते. रस्त्यात त्यांनी मला दोनदा विचारलं की दाराला कुलूप घातलं का. घातलं होतं, दोन्ही वेळा त्यांनीच ओढून बघितलं होतं. त्यांना खरंच काही होत होतं का, की त्यांना तसं वाटायला लागल्यामुळे होत होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. काकांनी सगळं बरोबर सांगितलं, पण प्रत्येक उत्तरानंतर काकूंकडे बघितलं. मग डॉक्टरने विचारलं, "सबसे पहले कब लगा कि आप भूलने लगे हैं?"

काकांनी वही काढली नाही. त्यांनी तारीख सांगितली, वार सांगितला, वेळ सांगितली, मिनिटांसकट. "उस दिन मैंने एक बहुत जरूरी नंबर बदल दिया था," ते म्हणाले. "और मुझे आज तक याद नहीं आया कि मैंने बदला." डॉक्टर लिहून घेत होता.

"डॉक्टर साहब," मी म्हणाले, "वो इन्होंने नहीं किया था. वो मैंने किया था."

डॉक्टरने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. "आपको ये बात याद है? कि मैडम ने किया था?"

"नहीं," काका म्हणाले. "ये बाद में बता रही हैं."

डॉक्टरने तेही लिहून घेतलं.